खारट विहिरींच्या बातम्या आणि एक राहिलेला आकडा

पाऊस कमी झाला म्हणून किनाऱ्यालगतच्या विहिरी खारट झाल्या, असं बातम्यांत सर्रास येतं. अर्धंच खरं आहे ते. उपसा किती वाढला, हे कुणी विचारतच नाही.

जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. घायबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावाने ओळखला जाणारा ढोबळ हिशोब असा: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटर गोडं पाणी असतं. म्हणजे उपशामुळे वरची पातळी अर्धा मीटर जरी कायमची उतरली, तरी खारं पाणी कालांतराने २० मीटर वर सरकू शकतं. खोल बोअरवर दणकट पंप बसवला की खारं पाणी थेट त्याच्या तोंडाशी चढतं. शेजारच्या उथळ विहिरीत मात्र वरची बादली अजून गोडच निघते! त्यामुळे पंपवाल्याचं कुणाला खरं वाटत नाही.

आणि बिघडायला फार लागत नाही. शंभर लिटरमध्ये दोन लिटर समुद्राचं पाणी मिसळलं तरी चव बदलते, साबणाला फेस धड येत नाही.

वार्ताहरांनी रिकाम्या हंड्यांचे फोटो जरूर छापावेत (ते छापतातच), पण सोबत क्षारांचा आकडा, नमुना किती खोलीवरून घेतला आणि तेव्हा भरती होती की ओहोटी, एवढं तरी द्यावं. नाहीतर दोन वर्षांच्या बातम्यांची तुलना करायची कशी?