हॉलमध्ये गवतासारखं काय टिकेल?

बाल्कनीवाली_ठाणे: मंडळी मदत हवीय. फ्लॅट सातव्या मजल्यावर, बाल्कनी उत्तरेला. जांभळं फाउंटन ग्रास आणलं, नर्सरीवाला म्हणाला इनडोअर चालेल म्हणून टीव्हीशेजारी ठेवलं, तर आता रंग उतरून हिरवट झालंय आणि पाती लोळायला लागलीत. खत कमी पडतंय का? की हॉलमध्ये दुसरंच काही ठेवू?

कुंडीबहाद्दर: खत अजिबात नको, त्याला ऊन पाहिजे. फाउंटन ग्रास, गवती चहा, वाळा ही खरी गवतं, उघड्यावर वाढणारी, ५-६ तास थेट ऊन मिळालं तरच ताठ राहतात आणि तो जांभळा रंगही उन्हानेच धरतो. आपल्याला हॉल उजेडी वाटतो पण फोनवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं अ‍ॅप टाकून बघा, भर उन्हात आकडा लाखाच्या आसपास जातो आणि सोफ्याजवळ दोन-तीनशेवर आला तरी खूप. नर्सरीत ग्रीन नेटखाली जे असेल ते सगळं इनडोअर म्हणून खपवतात हो. आता लगेच दुपारच्या उन्हात नेऊ नका, आधी आठवडाभर फक्त सकाळचं.

शेवंती२: हॉलसाठी स्पायडर प्लांट नाहीतर मोंडो ग्रास. दोन्ही गवत नाहीतच, शतावरीच्या कुळातली, पण खिडकीपासून ३-४ फुटांत मस्त राहतात. पांढऱ्या पट्ट्यांचा स्पायडर घेतलात तर अजून जवळ ठेवा, पट्ट्यात हरितद्रव्य जवळपास नसतंच ना, आणि तरी मे महिन्याचं दुपारचं ऊन लागलं की तेच पट्टे आधी करपतात, असा नखरा आहे. शेंडे तपकिरी झाले तर मात्र उजेडाला दोष देऊ नका, बऱ्याचदा नळाच्या पाण्यातले क्षार असतात.

बाल्कनीवाली_ठाणे: आणि बाल्कनीत? तिथे उन्हाळ्यात थोडं ऊन येतं, दिवाळीत काहीच नाही.

कुंडीबहाद्दर: येणारच. मार्चअखेर ते सप्टेंबर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि तसाच मावळतो म्हणून सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं, त्यातले पावसाळ्याचे महिने ढगात जातात ते वेगळं. एवढ्यावर फाउंटन ग्रास भागणार नाही. तिथे अंब्रेला पाम लावा, नागरमोथ्याचा भाऊबंद आहे, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं तरी खुश.

बाल्कनीवाली_ठाणे: बरं, फाउंटन ग्रास गच्चीवर ठेवायला सेक्रेटरींना विचारते. काळं मोंडो मिळतं म्हणे, हॉलमध्ये ते छान दिसेल ना?

शेवंती२: दिसेल, पण फार हळू वाढतं, कुंडी भरायला वर्षं जातात. साधं हिरवं घ्या.