देणगी देणारी संस्था भाड्याला पैसे का देत नाही?

तुर्भेकरीण: तुर्भे स्टोअरला आमच्या महिला मंडळाची अभ्यासिका आहे. दहा बाय बाराची खोली, २१ पोरं, दोन शिक्षिका. मुंबईतली एक संस्था कंपन्यांकडून पैसे गोळा करून आमच्यासारख्या लहान संस्थांना वाटते. त्यांनी वह्या, टॅब सगळं मंजूर केलं. भाडं आणि शिक्षिकांचं मानधन मात्र ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून खोडलं. अहो, टॅब काय पत्र्यावर बसून शिकवणार? कुणाला असा अनुभव?

जुना हिशेबनीस: ताई, सीएसआरमधली, म्हणजे कंपन्यांना कायद्याने समाजकामावर करावा लागणाऱ्या खर्चातली, ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, तुमच्या शिक्षिकांना नाही. शिकवणं हाच तुमचा प्रकल्प, मग मानधन आणि खोलीचं भाडं प्रकल्पखर्चातच दाखवा. मथळा बदला, रक्कम तीच. आणि पुढे थेट कंपनीकडे जायचं असेल तर सरकारकडे सीएसआर-१ नोंदणी लागते, १ एप्रिल २०२१ पासून. आयकराच्या १२ए, ८०जी नोंदण्या आहेत ना?

कळवा नाका: आमचा देणगीचा हप्ता परीक्षा संपल्यावर आला. तोवर भाडं भिशीतून भरलं, बायकोला अजून सांगितलेलं नाही. ताई, तुमच्या त्या मुंबईच्या संस्थेकडचा पैसा परदेशी नाही ना, तेवढं विचारा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला, निधी एका संस्थेने दुसरीला देणं बंद आहे.

तुर्भेकरीण: १२ए, ८०जी दोन्ही आहेत, सीएसआर-१ राहिलंय. ‘अभ्यासिकेची जागा’ असं लिहून सोमवारी पाठवते. पाच टॅब कमी करा म्हटलं तर रागावतील का हो?

जुना हिशेबनीस: लेखी विचारा. फोनवर नको.