मदत हवी आहे: ब्रिटनची जुनी प्रादेशिक टपाल तिकिटं संग्रहात कशी लावायची?

अनघा_प
राणी एलिझाबेथच्या छायाचित्राची, पेन्स-शिलिंगच्या काळातली तिकिटं लावायला घेतली आहेत. कोपऱ्यांत वेगवेगळी चिन्हं आहेत, देशाचं नाव कुठेच नाही. प्रदेश कसा ओळखायचा? सिंहवाल्या ३ पेन्सवर लंडनचा शिक्का आहे, ते बनावट का? काहींत जलचिन्ह (कागदातच असलेली फिकट खूण) दिसतं, काहींत नाही. १९६६ ची निसर्गचित्रंही यातच लावू का?

टपालनाना
प्रदेश चिन्हावरून ठरवा, शिक्क्यावरून नाही. विक्री त्या त्या प्रदेशात होई, पण स्कॉटलंडचं तिकीट लंडनच्या पेटीतही चालायचं. तुमचं तिकीट अस्सल असणार.

सिंह किंवा काटेरी फूल म्हणजे स्कॉटलंड, ड्रॅगन म्हणजे वेल्स, पंजा म्हणजे उत्तर आयर्लंड, तीन पाय म्हणजे आइल ऑफ मॅन. गर्न्सी बेटाच्या तिकिटावर लिली, जर्सी बेटाच्या तिकिटावर राजदंड. सहाही प्रदेशांचं ३ पेन्स १८ ऑगस्ट १९५८ ला निघालं. इंग्लंडचं शोधू नका, त्याला स्वतःची तिकिटं २००१ मध्ये मिळाली.

१९६६ चा संच वेगळ्या पानावर. ससेक्स, अँट्रिम, हार्लेक किल्ला, केर्नगॉर्म अशी चार वेगवेगळ्या प्रदेशांतली ठिकाणं त्यावर आहेत, म्हणून घोटाळा होतो. पण ती साऱ्या ब्रिटनसाठी काढलेली विशेष तिकिटं होती. चित्र प्रदेशाचं असलं म्हणून तिकीट प्रादेशिक होत नाही.

चिमटा
जलचिन्हाबद्दल. १९६७ पासून ते टप्प्याटप्प्याने बंद झालं, त्यामुळे काही प्रदेशांचं ३ पेन्स आणि निळं ४ पेन्स दोन्ही तऱ्हांचं सापडतं. तपकिरी व शेंदरी ४ पेन्समध्ये शोधत बसू नका, ते नसतंच. (सप्टेंबर १९६८ मध्ये निळा रंग ५ पेन्सला गेला, म्हणून ४ पेन्स तपकिरी झालं.)

काळ्या ताटलीत तिकीट पालथं ठेवून लायटरच्या पेट्रोलचे दोन-तीन थेंब सोडा. जलचिन्हातल्या मुकुटांच्या रांगा लगेच गडद उमटतात आणि पेट्रोल उडालं की नाहीशा होतात. डिंकाला धक्का लागत नाही. कोऱ्या तिकिटाला पाणी मात्र लावू नका. आधी एखाद्या फाटक्या तिकिटावर करून बघा. खिडकी उघडी हवी, जवळपास ज्योत नको. जड शिक्का असेल तर त्याची शाई मागून मुकुटासारखी भासते, अशा वेळी कडेच्या भागात पाहा.

अनघा_प
मुकुट दिसले, आभार! पण दोन ३ पेन्स तिरक्या उजेडात वेगळी वाटतात. एकावर डावीकडे मंद पट्टा आहे, दुसऱ्यावर उजवीकडे.

चिमटा
तो फॉस्फरचा (चमकणाऱ्या रसायनाचा) पट्टा, टपाल छाननीच्या यंत्रासाठी. मे १९६५ मध्ये पत्राचा दर ४ पेन्स झाला, ३ पेन्स खालच्या दराच्या टपालाला उरलं, आणि यंत्राला ते वेगळं ओळखता यावं म्हणून दोनऐवजी एकच पट्टा. तो दोन तिकिटांमधल्या छिद्रांच्या रेषेवर छापत, त्यामुळे एकाला डावीकडे येतो, शेजाऱ्याला उजवीकडे. दोन्ही ठेवा, शेजारी शेजारी लावा.