मदत हवी आहे: आठ वर्षांच्या मुलीला अवकाशाबद्दल काय आणि कसं वाचायला द्यावं?

पालवी:
मुलगी ८ वर्षांची. सलग वाचते, जोडाक्षरांशी अडखळते. ग्रह क्रमाने तोंडपाठ, पण परिवलन आणि परिभ्रमण यांत कायम गल्लत. अवकाशाचं पुस्तक हातात आलं की चित्रं बघते, मजकूर सोडून देते. शिवाय दोन पुस्तकांत शनीच्या चंद्रांचे आकडे वेगळे, मग "यातलं खोटं कोणतं?" पुस्तक कसं निवडावं आणि वाचून कसं घ्यावं?

निरभ्र:
दोन्ही आपापल्या साली खरी. मार्च २०२५ मध्ये शनीच्या खात्यात एकदम १२८ चंद्र जमा झाले आणि आकडा २७४ वर गेला. आकड्याशेजारी पुस्तकाचं साल पेन्सिलीने लिहायला सांगा, भांडण मिटेल.

निवडताना पुनर्मुद्रणाची तारीख नका पाहू, आवृत्तीची पाहा. पुनर्मुद्रणात कागद नवा, मजकूर जुनाच. झटपट परीक्षा म्हणजे प्लूटोचं पान: २००६ पासून तो बटुग्रह आहे, तरी 'नऊ ग्रह' छापले असतील तर पुस्तक त्याआधीचं किंवा आळशी. मग मधलं कुठलंही पान तिला मोठ्याने वाचू द्या. पाचाहून जास्त शब्द अडले तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं.

चित्रं बघते ते चांगलंच आहे. आधी चित्राखालची ओळ वाचायची, त्यावर तिने एक प्रश्न काढायचा, मग उत्तर त्याच पानात शोधायचं. मजकूर आपोआप वाचला जातो. एका बैठकीत दोन पानं, फार तर १५ मिनिटं. अख्खी सूर्यमाला एका दिवसात उरकली की बुध-शुक्राची सरमिसळ ठरलेली.

मृगशीर्ष:
परिवलन-परिभ्रमणात मोठेही गडबडतात. 'भ्रमण' म्हणजे भटकंती, हे धरून ठेवा: पृथ्वी सूर्याभोवती भटकून येते ते परिभ्रमण, ३६५ दिवस आणि वर सुमारे ६ तास. जागच्या जागी गिरकी ते परिवलन. तिला आधी गिरकी घ्यायला लावा, मग खुर्चीभोवती चक्कर, मग दोन्ही एकदम. (खुर्ची म्हणजे सूर्य. गरगरायला लागलं की थांबा.)

बोलीतले फसवे शब्दही याच वेळी काढा. शुक्राची चांदणी हा ग्रह. तुटता तारा म्हणजे बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढा खडा हवेत जळताना दिसतो. प्रकाशवर्ष हे अंतर, सुमारे ९.४६ लाख कोटी किमी.

कंपास:
चित्रांत एक खोट असते. ग्रह पानात मावावेत म्हणून ते खेटून बसवतात. हे मैदानात दुरुस्त करता येतं. २२ सेंमीचा फुटबॉल सूर्य मानला तर पृथ्वी २ मिमी, मोहरीएवढी, आणि फुटबॉलपासून जवळपास २४ मीटरवर. चंद्र खसखशीचा दाणा, मोहरीपासून ६ सेंमीवर. गुरू मोठ्या गोटीएवढा, सुमारे १२३ मीटरवर. नेपच्यूनसाठी ७०० मीटर चालावं लागेल, तिथवर जाऊच नका.

पालवी:
"उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते" असं ती ठामपणे सांगते. तेही चित्रामुळेच?

कंपास:
बरंचसं. कक्षा तिरक्या कोनातून काढतात, त्यामुळे लांबट दिसते; खरी कक्षा जवळजवळ गोल आहे. शिवाय पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, १४.७ कोटी किमीवर, आणि सर्वांत लांब जुलैत, १५.२ कोटींवर. ऋतू होतात ते पृथ्वीची आस, म्हणजे ती जिच्याभोवती गिरकी घेते ती कल्पित रेषा, २३.५ अंश कललेली आहे म्हणून.

स्पंजच्या चेंडूत विणायची सुई तिरकी खुपसा आणि चेंडू दिव्याभोवती फिरवायला सांगा. सुईचं टोक पूर्ण फेरीभर एकाच भिंतीकडे हवं. मुलं चालता चालता टोक दिव्याकडे वळवत राहतात आणि प्रयोग तिथेच फसतो, कारण मग एकाच गोलार्धात बारा महिने उन्हाळा. त्या भिंतीवर आधीच रंगीत कागदाचा मोठा ठिपका चिकटवा आणि टोक त्यावर रोखायला सांगा.