हिप्परगा तलाव: जानेवारीत पक्षी बघायला जायचंय, माहिती हवी

प्रश्न – कडक_भाकरी

जानेवारीतल्या एका रविवारी चार मोठे आणि तीन पोरं (८ ते १२ वर्षं) सोलापूरजवळच्या हिप्परग्याला जाणार आहोत. पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले रानहंस) दिसतील का? किती वाजता पोहोचावं? दुर्बीण नवी घ्यायची आहे, दुकानदार २०×५० घ्या म्हणतोय. पोरांना पाण्यात उतरू द्यावं का? गळ टाकला तर चालतं का? आणि हे तळं नेमकं कधीचं, पोरं विचारणारच.

उत्तर – शेकाट्या

आधी तारीख नको, पाणी बघा. तळं काठोकाठ असेल तर बदकं लांब मध्यावर जाऊन बसतात आणि चिखलात टिपणारे पक्षी जवळपास नसतातच. पाणी उतरून काठाला ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडला की शेकाट्या, तुतवार, शराटी, चित्रबलाक सगळे तिथे येतात. पूर्वी पावसाळा कसा झाला यावरून जानेवारीचा अंदाज बांधता यायचा. आता एकरुख (याच तळ्याचं मूळ नाव) उपसा योजनेतून उजनी धरणाचं पाणीही तळ्यात येतं, त्यामुळे तो हिशोब चुकू शकतो. आदल्या आठवड्यात गावात कुणाला तरी विचारा: पाणी चढतंय की उतरतंय? चढत असेल तर गाळाचा पट्टा बुडालेला असणार.

पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. पांढरं डोकं, त्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, चोच-पाय पिवळसर. दिवसा पाण्याच्या कडेला थव्याने बसून असतात, चरायला शेतात जातात. गाळपेरीत (पाणी उतरल्यावर उघड्या गाळात केलेल्या पेरणीत) हरभरा किंवा गहू कोवळा असेल तर त्या बाजूला नजर ठेवा, पण पिकात पाय घालू नका. एकाने मान ताठ केली की थांबायचं. सगळ्या माना वर आल्या म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ गेलात, दोन पावलं मागे या.

सातच्या सुमारास उजाडतं, पावणेसातला काठावर हवं. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतील. दहानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि भारी दुर्बिणीतूनही लांबचा पक्षी लिबलिबीत दिसतो.

२०×५० अजिबात घेऊ नका. २० पट मोठं दिसतं तसा हाताचा कंपही २० पट दिसतो. पोरांना तर पक्षी भिंगात सापडणारच नाही. ८×४२ घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची.

उत्तर – जुना_कालवा

इतिहासाचं थोडक्यात: मूळ नाव एकरुख तलाव. अधिला नदीवर मातीचा बांध घालून इंग्रज काळात १८७१ साली पुरा झाला. बांध सव्वादोन किलोमीटरहून लांब, साधारण २१ मीटर उंच. हेतू शेतीचं पाणी, पुढे सोलापूर शहरही या पाण्यावर आलं. म्हणजे सोलापुरात पहिली कापड गिरणी निघाली (१८७७) त्याच्याही आधीचं हे तळं.

पोरांना बांधावर एक गोष्ट जरूर दाखवा. पाण्याच्या बाजूला दगड लावलेले असतात ती शोभा नव्हे. वाऱ्याने लाटा आपटून माती खातात, ती खाऊ नये म्हणून ते पिचिंग. त्यातला एक दगड खेळ म्हणून पाण्यात ढकलला की शेजारचे सैल होतात. मातीच्या बांधावर झाडं वाढू देत नाहीत तेही बांध जपण्यासाठीच: झाड मेलं की कुजलेल्या मुळाच्या जागी पोकळी राहते आणि पाणी तीच वाट धरतं.

कडक_भाकरी

दुर्बिणीचे पैसे वाचले, आभार. पाण्यात उतरण्याचं राहिलं. काठ तर वाळलेला दिसतो फोटोत.

उत्तर – गाळपेर

तोच तर घोटाळा. काळी माती वरून वाळून भेगाळते, खाली मात्र लोण्यासारखी राहते. पापुद्रा मोठ्या माणसाचं वजन दहा पावलं पेलतो, अकराव्याला गुडघ्यापर्यंत पाय जातो. हातात काठी घ्या, पुढे टोचत चाला. वीतभर सहज आत गेली की तिथूनच परत. अडकलात तर पाय सरळ वर ओढू नका, खाली पोकळी होऊन गाळ जास्तच धरतो. मागे रेलून बसा, पाय हळूहळू हलवत टाच आधी सोडवा. चप्पल गेली तर जाऊ द्या.

पोहणं नकोच. माती उपसून नेलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, बुडालेल्या वेड्या बाभळीचे काटे आणि मासेमारीची जाळी वेगळीच. गळाचं म्हणाल तर मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते काठावरच्या मच्छीमारांना विचारून परवानगी घ्या. कणकेच्या गोळीला चिलापी मासळी लागते. तुटलेली तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) मात्र गुंडाळून घरी न्या, पक्ष्यांच्या पायात अडकते.

उत्तर – शेकाट्या

पोरांसाठी सोप्या खुणा: चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका तो हळदी-कुंकू. फावड्यासारखी चोच तो थापट्या. अंग काळं आणि कपाळावर पांढरं गंध तो वारकरी, उडताना पाण्यावर पळत सुटतो. टिबुकली आणि वारकरी दोघेही बुडी मारतात. वारकरी बुचासारखा जवळच वर येतो, टिबुकली मात्र भलतीकडेच निघते.