अठरा वर्षांपर्यंत मुलांना धर्म शिकवायचाच नाही?

रानवारा (धागाकर्ता)
"तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात बसवणं म्हणजे ब्रेनवॉशिंग. अठरानंतर त्यांचं त्यांना ठरवू द्या," अशी पोस्ट काल इथे आली आणि भराभर सहमतीही मिळाली. चार ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा.

मेल्यावर काय होतं, प्रार्थना कुणी ऐकतं का, हे प्रश्न अठरा वर्षं थांबत नाहीत. घरात कुणी बोललं नाही तर मोबाईल उत्तरं देतो. ज्यू मुलगा १३ व्या वर्षी बार मिट्झ्वा होतो. समारंभ केला नाही तरी होतो, कारण धर्माज्ञा पाळायची जबाबदारी वयाबरोबरच येते. देव न मानणाऱ्यांनाही हे वय सोडवलं नाही. ओस्लोत १९५१ साली नॉर्वेतलं चर्चबाहेरचं पहिलं कन्फर्मेशन (किशोरवयात श्रद्धा जाहीरपणे स्वीकारायचा ख्रिस्ती विधी, इथे देवाविना) झालं, आधी वर्ग आणि मग समारंभ. तेही ब्रेनवॉशिंग का?

निळी शाई
नॉर्वेचं अर्धंच सांगितलंत. १७३६ साली डेन्मार्क-नॉर्वेत कन्फर्मेशन कायद्यानं सक्तीचं झालं. त्याशिवाय लग्न लागत नसे. नॉर्वेत ती सक्ती १९१२ पर्यंत टिकली.

माझ्या मुलीच्या वर्गात प्रश्नोत्तरांची वही होती. प्रश्न छापील, उत्तरही छापील. बायबलमधल्या नोहाच्या गोष्टीवर "महापुरात लहान बाळंसुद्धा बुडाली का?" असं तिनं विचारलं. बाईंनी बोट ठेवून वहीतला पुढचा प्रश्न दाखवला. त्यानंतर तिनं विचारणंच सोडलं, घरीसुद्धा.

सांजवेळ
मुलींचा विषय निघालाच आहे तर ऐका. आम्ही भावंडं एकत्र शिकलो. भावाचे उच्चार मी बसवून घेतले. समारंभाच्या दिवशी धर्मग्रंथ वाचायला तो पुढे, मी मागच्या रांगेत. न्यूयॉर्कमध्ये १९२२ साली ज्युडिथ कॅप्लनचं बॅट मिट्झ्वा (मुलींचं बार मिट्झ्वा) झालं, वडील स्वतः रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, तरी तिनं वाचलं ते छापील पुस्तकातून. तोराहची, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाची, हस्तलिखित गुंडाळी नाहीच. आधी याचं बोला.

पारंब्या
अवांतर होतंय. परंपरेत प्रत्येकाची जागा ठरलेली असते, मागची रांग म्हणजे अपमान नव्हे.

सांजवेळ
तुम्ही बसलात का कधी त्या रांगेत? वर्षभर शिकवून शेवटी "तू फक्त ऐक" म्हणायचं, तर त्या मुलीच्या लक्षात तेवढाच धडा राहतो. बाकीचं सगळं ती विसरते. मी विसरले.

पारंब्या
आवाज चढवून मुद्दा मोठा होत नाही. बऱ्याच पंथांत आता मुली वाचतात, मान्य. म्हणून जे वाचू देत नाहीत ते बुडवायचे?

सांजवेळ
बुडवा कोण म्हणालं? वाचू द्या म्हटलं. त्याचीच एवढी भीती का?

निळी शाई
धागाकर्ते कुठे गेले? मुलानं शेवटी "नाही" म्हटलं तर चालेल का, एवढं सांगा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १४ वं कलम मुलाला धर्माचं आणि विवेकाचं स्वातंत्र्य देतं.

रानवारा
तेच कलम पालकांचा मार्गदर्शनाचा हक्कही मानतं, मुलाच्या वाढत्या समजेनुसार. मुलाला वर्गात बसवायचा हक्क मी सोडणार नाही. गणित आवडत नाही म्हणून आपण कुणी शाळा सोडू देत नाही.

समारंभात श्रद्धेची शपथ घ्यायला लावतात, तिचं वेगळं. माझ्या भाच्यानं आठवडाभर आधी "मला हे पटत नाही" म्हणून सांगितलं होतं. पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती, म्हणून त्याला उभं केलं. तो खाली बघून पुटपुटला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं. युनिटेरियन या उदारमतवादी पंथाच्या मंडळींकडे मुलं शेवटी स्वतःच्या श्रद्धेचं मनोगत लिहून वाचतात, त्यात देव नसला तरी चालतं. मला ते जरा पोकळ वाटतं, पण त्या पुटपुटण्यापेक्षा बरं. तेव्हा शिकणं सक्तीचं, शपथ ऐच्छिक. याच्या पुढे मी येणार नाही.

निळी शाई
शपथेचं सोडलंत, चांगलं झालं. पण सक्तीच्या शिकण्यात ती छापील उत्तरांची वही असणार की नाही, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.