समुद्र नसला तरी पाणकाठ आहे

पाणकाठानं चालत पक्ष्यांचे फोटो काढायचे तर कोकणच गाठावं, असं अनेकजण म्हणतात. पण एकदा हिवाळ्यात गोंदिया-भंडाऱ्याकडे या. कोहळी समाजानं बांधलेले जुने मालगुजारी (जमीनदारीच्या काळातले) तलाव इथे गावोगावी आहेत. नवेगावबांधचा तलाव तर विस्तीर्णच! तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सकाळी सूर्य पाठीशी ठेवून चाला. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हे रानहंस काठावर बसलेले असतात. पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे लेन्समधून स्वच्छ दिसतात. घाई केली की अख्खा थवा उठतो.

सारस मात्र दुरूनच टिपा. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच हा पक्षी महाराष्ट्रात आता मोजकाच उरलाय. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीतही (भातखाचरातही) घरटं करतो. तेव्हा फोटोसाठी बांधीत उतरू नका, ही कळकळीची विनंती.